औषधाचा गुण आणि औषधाचा उपद्रव

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत, रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या सभागृहांत धर्मगुरूंनीं दिलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या समितीनें मला आपल्या धर्मग्रामाच्या आठवणी सांगण्यास सुचविलें होतें. परंतु या चर्चच्या पायाचे दगड ज्यांनीं आपल्या खांद्यावरून वाहून आणले, अशीं वडीलधारीं माणसें पहिल्या दोन बाकांवर बसलेलीं असतांना, मागाहून आलेल्या माझ्यासारख्यानें त्यांस त्यांच्याच आठवणी ऐकवाव्या हें शोभणार नाहीं. म्हणून मीं समितीजवळ निराळा विषय मागून घेतला. आपण नेहमीं घेतों तीं साधीं औषधें, म्हणजे तापाचीं, अंगदुखीचीं, साखरेचीं, रक्तदाबाचीं, पोटांत गेल्यावर काय करितात आणि तें करितांना आणखी काय करून ठेवितात, हा तो विषय होय. ज्याच्या हातीं प्रार्थनापुस्तक असावयाचें त्यानें गोळ्यांविषयीं बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. त्याचें कारण मी आधीं सांगतों. तें सांगितल्यावांचून पुढें बोलण्याचा मला अधिकार नाहीं.

माझ्या कचेरींतील कपाटावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. आपणांपैकीं पुष्कळांनीं तो पाहिला आहे, आणि कित्येकांनीं त्यांतलें घेतलेंहि आहे. एखाद्या घरचें माणूस देवाघरीं गेलें म्हणजे महिन्याच्या मिस्सेच्या सुमारास घरची मंडळी उरलेल्या गोळ्या एका पिशवींत घालून माझ्याकडे आणीत. "फादर, टाकवत नाहीं, कोणा गरिबाला उपयोगी पडतील." मी त्या डब्यांत ठेवीत असें, आणि कोणास ताप आला, कोणाची कंबर धरली, तर त्यांतून दोन-चार काढून देत असें. डॉक्टरांची फी वांचली, दुकानाचे पैसे वांचले, आणि गेलेल्याच्या औषधानें राहिलेल्यास गुण आला, यांत मला मोठें समाधान वाटे.

तीन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचें नांव मी घेणार नाहीं. ही हकीकत सांगण्यास मात्र त्यांनीं संमति दिली आहे. ते म्हणाले, "फादर, मिस्सेला गुडघे टेकतां येत नाहींत. सगळे खालीं बसलेले, आणि मी एकटा उभा. मला लाज वाटते. डब्यांत कांहीं आहे का बघा." डब्यांत डायक्लोफेनॅकच्या दोन पट्ट्या होत्या. मीं त्या दोन्ही त्यांच्या हातावर ठेविल्या आणि सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या म्हणून सांगितलें. दुसरें कांहीं औषध चालूं आहे का, हें मीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर कळलें असतें कीं, हृदयाच्या दुखण्यासाठीं ते रोज अॅस्पिरिनची लहान गोळी घेत असत, आणि पूर्वीं एकदां त्यांच्या पोटांत व्रण झालेला होता.

नवव्या दिवशीं त्यांस डांबरासारखें काळें शौचास झालें. घेरी येऊन ते न्हाणीघरांत पडले. रुग्णालयांत नेऊन दुर्बिणीनें पोट पाहिलें तेव्हां जठरांतील जखमेंतून रक्त वाहत होतें. दोन बाटल्या रक्त चढवावें लागलें. मी त्यांस पवित्र कम्युनियन घेऊन गेलों, त्यांच्या खाटेजवळ बसलों, प्रार्थना केली, आणि मला कांहींच ठाऊक नव्हतें. गोळ्या कोणी दिल्या असें डॉक्टरांनीं विचारलें असतां, "मीच दुकानांतून आणल्या" असें त्यांनीं सांगितलें होतें. खरी गोष्ट मला दोन महिन्यांनीं त्यांच्या सुनेकडून कळली. मी त्यांच्या घरीं गेलों. ते म्हणाले, "फादरांचें नांव कशाला घ्यायचें? तुम्ही तर चांगल्यासाठींच दिल्या होत्या."

चांगल्यासाठींच दिल्या होत्या, हें खरें. सेमिनरींत आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनांतून निघालेला द्विविध परिणामाचा सिद्धांत शिकविला होता: एकाच कृतीचे दोन परिणाम, एक हेतूंतला, दुसरा हेतूबाहेरचा, आणि कृतीचा न्याय करितांना कर्त्याचा हेतु पाहावयाचा. परीक्षेंत या प्रश्नावर मला चांगले गुण मिळाले होते. परंतु गोळीस हेतु नसतो. जें आपण तिचा गुण म्हणतों आणि जें तिचा उपद्रव म्हणतों, तीं दोन्ही बहुधा तिचें एकच काम असतें. हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. तेव्हांपासून मीं या विषयावर जें मिळेल तें वाचलें, आणि आज बोलणार आहें तें आपल्याच धर्मग्रामांतील डॉक्टर भगिनीकडून ओळीनें तपासून घेतलें आहे.

डोकें दुखतें म्हणून घेतलेली गोळी डोक्याकडे जाते, अशी आपणां सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षांत ती पोटांत विरघळते, बहुतेक आंतड्यांतून शोषिली जाते, यकृतांतून पुढें रक्तांत उतरते, आणि रक्त जेथें जेथें जातें तेथें तेथें जाते. आणि रक्त तर मिनिटाभरांत साऱ्या देहाची फेरी करितें. डोक्यांत, गुडघ्यांत, जठरांत, मूत्रपिंडांत सर्वत्र ती सारखीच पोंचते. दुखणें कोठें आहे हें तिला कोणी सांगितलेलें नसतें.

या अंगदुखीच्या गोळ्यांची कुळकथा सांगतों, कारण तिची सुरुवात एका पाद्रीपासून होते. पंथ आमचा नव्हे, परंतु पेशा तोच. इंग्लंडांत चिपिंग नॉर्टन या गांवीं एडवर्ड स्टोन नांवाचे पाद्री राहत. त्यांनीं सहज विलो झाडाची साल चाखून पाहिली, आणि तिचा कडूपणा त्यांस तापावरच्या सिंकोना सालीसारखा वाटला. त्यांनीं ती साल पाववाल्याच्या भट्टीला लावून कित्येक महिने वाळविली, तिची भुकटी केली, आणि हिंवतापाच्या सुमारें पन्नास रोग्यांस ती दिली. आरंभीं अगदीं थोडी, मग हळूहळू वाढवीत, प्रत्येकावर नजर ठेवून. १७६३ सालीं त्यांनीं हें सर्व लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविलें. माझ्या डब्याची आठवण होऊन हा भाग वाचतांना मी फार खजील झालों. त्यांच्याजवळ माझ्याहून ज्ञान कमी होतें, पण सावधगिरी अधिक होती.

त्या सालींतील द्रव्याच्या जातीचेंच एक आम्ल पुढें रसायनशाळेंत सुधारून, १८९७ सालीं जर्मनींतील बायर कारखान्यांत फेलिक्स हॉफमन यांनीं शुद्ध स्वरूपांत तयार केलें. १८९९ पासून तें अॅस्पिरिन या नांवानें विकूं लागले. गंमत अशी कीं, जगानें सत्तर वर्षें ही गोळी खाल्ली, आणि ती काय करिते हें कोणासच सांगतां येत नव्हतें. तें १९७१ सालीं लंडनमध्यें जॉन व्हेन यांनीं दाखविलें, आणि त्यांस १९८२ सालीं दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें.

त्यांनीं दाखविलें तें असें. देहांत कोठें इजा झाली कीं त्या जागीं प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. त्यांच्यामुळें ती जागा सुजते, दुखूं लागते. मेंदूंत तींच ताप चढवितात. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या तीं द्रव्यें तयारच होऊं देत नाहींत. सूज उतरते, दुखणें थांबतें. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु हींच द्रव्यें जठरांतहि असतात, आणि तेथें त्यांचें काम अगदीं निराळें आहे. आपल्या जठरांतील आम्ल इतकें तीव्र असतें कीं, तें जठरासच खाऊन टाकील. त्यापासून वांचविणारा चिकट लेप या द्रव्यांच्या जोरावर टिकून असतो. गोळीनें गुडघ्यांतील प्रोस्टाग्लँडिन बंद केलें त्याच वेळीं जठरांतीलहि बंद केलें. गुडघा सुखावला आणि जठर उघडें पडलें.

"जेवल्यावर घेतली कीं कांहीं होत नाहीं" असें आपण म्हणतों. जेवणानें जळजळ कमी होते हें खरें. परंतु मुख्य अपाय गोळी जठरास टोंचते म्हणून होत नसून ती रक्तांतून तेथें पोंचते म्हणून होतो. हेंच औषध सुईनें दंडांत टोंचलें तरी जठरास व्रण पडूं शकतो. ही गोष्ट मला कळली तेव्हां मी थक्क झालों, कारण मीहि वर्षानुवर्षें "भरल्या पोटीं घ्या" एवढेंच सांगून मोकळा होत असें.

आतां त्या गृहस्थांची अॅस्पिरिनची लहान गोळी घ्या. रक्तांत प्लेटलेट नांवाचे बारीक कण असतात; जखम झाली कीं ते एकमेकांस चिकटून रक्त थांबवितात. अॅस्पिरिन त्यांची चिकटण्याची शक्ति काढून घेतें, आणि तो कण आठ-दहा दिवस जगतो तोंवर ती शक्ति त्यास परत मिळत नाहीं. जखमी माणसाच्या दृष्टीनें हा उपद्रव. पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनींत गुठळी होण्याची भीति आहे त्याच्या दृष्टीनें हाच गुण, आणि त्याचसाठीं डॉक्टर ती गोळी देतात. तेव्हां गुण कोणता आणि अवगुण कोणता, हें गोळीवर नव्हे, तर घेणाऱ्यावर अवलंबून. माझ्याकडे आलेल्या त्या गृहस्थांच्या पोटांत दोन गोळ्यांनीं मिळून लेप काढून घेतला, आणि रक्त वाहूं लागल्यावर तें थांबविणारे कणहि निकामी करून ठेविले होते. ज्याच्या पोटास पूर्वीं व्रण झालेला, त्यास मी दुसरें काय दिलें असतें तर इतका नेमका घाव बसला असता, हें मला सांगतां येत नाहीं.

मूत्रपिंडांचेंहि असेंच आहे. अंगांतील पाणी कमी झालें, जुलाब झाले, भर उन्हांत वाडींत काम केलें, वय झालें, म्हणजे मूत्रपिंडांस रक्त पुरेसें मिळत राहावें म्हणून हींच प्रोस्टाग्लँडिन द्रव्यें रक्तवाहिन्या उघड्या ठेवितात. त्या वेळीं दुखण्याची गोळी घेतली कीं तो आधार जातो. आपल्या लहानपणीं आकाशांत घिरट्या घालणारीं गिधाडें आठवतात ना? आमच्या गांवीं ढोर मेलें कीं घटकाभरांत पन्नास-साठ उतरत. १९९० नंतर तीं भराभर नाहींशीं झालीं. गुराढोरांस डायक्लोफेनॅक देऊं लागले होते, आणि अशा जनावराचें मांस खाल्लेल्या गिधाडांचीं मूत्रपिंडें बंद पडून तीं मरत होतीं. २००४ सालीं शास्त्रज्ञांनीं हें सिद्ध केलें, आणि २००६ सालीं भारतांत तें औषध गुरांसाठीं बंद करण्यांत आलें. माणसाचें मूत्रपिंड गिधाडाइतकें नाजूक नाहीं, म्हणून कोणी घाबरून जाऊं नये. डॉक्टरांनीं माणूस पाहून आठ दिवस दिलेली गोळी बहुतेकांस बाधत नाहीं. पण वर्षभर, रोज, आपल्या मनानें, शेजारणीच्या सांगण्यावरून, हें निराळें.

मग तापास काय घ्यावें? पॅरासिटॅमॉल. ही गोळी जठरास फारशी बाधत नाहीं, रक्त पातळ करीत नाहीं, आणि म्हणूनच पावसाळ्यांत डेंग्यूचा संशय असतां हीच द्यावयाची; अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक द्यावयाचीं नाहींत, कारण डेंग्यूंत प्लेटलेट आधींच खालावलेल्या असतात. लहान मुलांस तर तापांत अॅस्पिरिन मुळींच नको. विषाणूच्या तापांत त्यानें क्वचित् मेंदूस व यकृतास भयंकर इजा होते.

परंतु पॅरासिटॅमॉल गरीब दिसते म्हणून तिच्याशीं सलगी करूं नये. ती यकृतांत मोडली जाते. तिचा बहुतेक भाग निरुपद्रवी होऊन लघवीवाटे जातो. थोड्या भागाचें विष बनतें, आणि यकृत आपल्याजवळच्या एका द्रव्यानें त्याचें निवारण करितें. हें द्रव्य मोजकेंच असतें. तें संपलें कीं विष यकृतासच जाळूं लागतें. म्हणून प्रौढ निरोगी माणसानें चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर, जाऊं नये. अशक्त, कृश, यकृताच्या रोग्यानें आणि रोज दारू पिणाऱ्यानें त्याहून पुष्कळ कमींत थांबावें व डॉक्टरांस विचारावें. फसगत कोठें होते तें सांगतों. सकाळीं तापाची गोळी, दुपारीं सर्दीची गोळी, रात्रीं अंगदुखीची गोळी, तीन निराळीं नांवें, तीन निराळे रंग. आणि तिहींच्या पोटांत पॅरासिटॅमॉलच. पट्टीच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें. आपला चष्मा त्या कामीं लावावा, वर्तमानपत्र मागाहून वाचावें. अति मात्रा झालेला माणूस पहिल्या दिवशीं ठणठणीत दिसतो, हा तिचा आणखी एक दगा. "कांहीं झालें नाहीं" म्हणून थांबूं नये. तिच्यावर उतारा आहे, आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत बहुधा वांचतें.

येथें कोणी म्हणेल, "फादर, म्हणूनच आम्ही झाडपाल्याचेंच घेतों; त्याला साइड इफेक्ट नाहीं." हें वाक्य मी आठवड्यांतून एकदां तरी ऐकतों. बेन सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत वैद्याचा व भूमींतून येणाऱ्या औषधांचा गौरव आहे, आणि झाडपाल्यास कमी लेखण्याचें मला कारण नाहीं. पण विलो हें झाडच होतें. सिंकोना हेंहि झाडच. सतराव्या शतकांत पेरू देशांतून येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं ती साल युरोपांत नेली. रोममध्यें कार्डिनल हुआन दे लुगो यांनीं स्वतःच्या खर्चानें ती गरिबांस वांटली, आणि लोक तिला जेझुइटांची साल म्हणूं लागले. आमच्या मंडळींनीं केलेल्या कामांत हें एक मोठें काम होय, याचा मला अभिमान आहे. पण त्याच सालीनें कान गुणगुणत, डोकें गरगरे. १८२० सालीं पेलेतिए व कावांतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं तिच्यांतील क्विनीन वेगळें काढल्यावर कळलें कीं, ताप उतरविणारें द्रव्य व कान वाजविणारें द्रव्य एकच आहे. इंग्लंडांतील विल्यम विदरिंग या डॉक्टरांस एका म्हातारीच्या झाडपाल्याच्या काढ्यांत डिजिटॅलिसचें झाड सांपडलें. वीसेक वनस्पतींच्या त्या काढ्यांत काम करणारी एकच होती. १७८५ सालीं त्यांनीं तिच्यावर पुस्तक लिहिलें. थोडी मात्रा बिघडलेलें हृदय ताळ्यावर आणी, किंचित् अधिक झाली कीं तेंच हृदय बंद पाडी. ज्या पाल्यांत कांहीं करण्याची शक्ति आहे, त्याच्या अंगीं अपाय करण्याचीहि आहे. आणि जो कोणालाच कधीं बाधत नाहीं, तो बहुधा कांहीं करीतहि नाहीं.

बाजारांत गुडघेदुखीवर विनानांवाच्या पुड्या मिळतात, त्यांविषयीं मात्र मी कठोरपणें बोलणार आहें. दोन दिवसांत चमत्कारासारखा गुण येतो, कारण अशा कित्येक पुड्यांत गुपचूप स्टिरॉइड घातलेलें आढळलें आहे. स्टिरॉइड डॉक्टरांच्या हातीं जीव वांचविणारें औषध आहे. पण महिनोन्महिने घेतल्यास साखर वाढते, हाडें ठिसूळ होतात, आणि देहांतील ज्या ग्रंथि हेंच द्रव्य स्वतः तयार करितात त्या झोंपीं जातात. मग एके दिवशीं पुडी संपते, ग्रंथि जाग्या झालेल्या नसतात, आणि माणूस एकाएकीं कोसळतो. ज्यांनीं अशा पुड्या फार दिवस घेतल्या असतील त्यांनीं आज त्या एकाएकीं बंद करूं नयेत. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावें.

आतां माझ्या स्वतःच्या खात्यांतील गोष्ट. गेल्या राखेच्या बुधवारीं एक मावशी कपाळाला राख लावून घेण्याच्या रांगेंत थरथर कांपूं लागल्या, घामानें न्हाल्या, आणि असंबद्ध बोलूं लागल्या. कोणी म्हणालें उष्णता, कोणी म्हणालें दृष्ट. त्यांनीं उपास धरला होता, पण साखरेची गोळी चुकविली नव्हती, कारण "डॉक्टर म्हणाले गोळी चुकवायची नाहीं." त्या गोळीचें नांव ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावते. पोटांत अन्न आहे कीं नाहीं हें ती पाहत नाहीं. अन्न नसेल तर रक्तांतील साखर धोक्याच्या खालीं जाते. गायकवृंदांतील एका मुलानें धांवत जाऊन साखरेचें पाणी आणिलें, आणि पांच-सात मिनिटांत मावशी मला विचारूं लागल्या, "फादर, माझा उपास मोडला का हो?" मीं त्यांस सांगितलें तें सर्वांस सांगतों. चर्चच्या कायद्याच्या १२५२ व्या कलमान्वयें उपवासाचें बंधन प्रौढ वयापासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंतच आहे, आणि आजारी माणूस त्यांतून कोणत्याहि वयांत मोकळा आहे. या मावशी अडुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांनीं जो उपास धरला तो चर्चनें त्यांच्याकडून कधींच मागितला नव्हता. त्यांनीं प्रायश्चित्त म्हणून दुसरें कांहीं करावें, आणि वेळेवर जेवावें. मेटफॉर्मिन ही साखरेची दुसरी गोळी एकटी असतां साखर सहसा इतकी खालीं नेत नाहीं. तिच्यानें आरंभीं पोट बिघडतें, आणि वर्षानुवर्षें घेतल्यास कांहींजणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊन पायांस मुंग्या येतात. "साखरेमुळेंच असेल" म्हणून बसूं नये, रक्त तपासावें.

आपल्या एका वाचकास वर्षभर कोरडा खोकला होता, हें तर सर्वांनीं ऐकलें आहे. पौलाचें पत्र वाचतांना मध्यें तीनदां थांबावें लागे. त्यांनीं खोकल्याच्या चार बाटल्या संपविल्या; त्या औषधानें झोंप येई, म्हणून मग कडक चहा. शेवटीं निघालें असें कीं, रक्तदाबासाठीं घेतलेली एनालाप्रिल ही गोळी ब्रॅडिकायनिन नांवाचें द्रव्य मोडूं देत नाहीं. तें फुप्फुसांत साठून कांहीं लोकांस खोकला आणितें. डॉक्टरांनीं गोळी बदलली, आणि खोकला कांहीं आठवड्यांत गेला. अॅम्लोडिपिन या दुसऱ्या गोळीनें कित्येकांचे घोटे सुजतात. एका औषधाच्या उपद्रवावर दुसरें औषध, दुसऱ्याच्या उपद्रवावर तिसरें, अशी माळ आपण नकळत ओंवीत जातों. पण खोकला आला म्हणून रक्तदाबाची गोळी आपण होऊन सोडूं नका, डॉक्टरांस सांगा. गोळी सोडल्यानें खोकला जाईल, आणि अर्धांगाचा झटका येऊं शकेल.

प्रतिजैविकांविषयीं थोडक्यांत. १९२८ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंग यांस सांपडलेलें पेनिसिलिन जंतूंच्या बाहेरील भिंतीवर घाव घालतें. आपल्या पेशींस अशी भिंतच नसते, म्हणून तें आपणांस सोडून जंतूंस मारितें. निसर्गानें दिलेली ही फार सुंदर सोय आहे. सर्दी ज्या विषाणूंनीं होते त्यांसहि अशी भिंत नसते. म्हणून सर्दीस प्रतिजैविकाचा कांहीं उपयोग नाहीं, फक्त आंतड्यांतील उपयोगी जंतु मरून जुलाब मात्र लागतात. अर्धवट मात्रेनें जंतु निर्ढावतात, हा इशारा फ्लेमिंग यांनीं १९४५ सालींच दिला होता. पट्टीवर तांबडी उभी रेघ असली कीं तें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घ्यावयाचें नाहीं. आणि पेनिसिलिननें ज्यास एकदां अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास कोंडला, त्यानें तें एका कागदावर लिहून पाकिटांत ठेवावें, कारण बेशुद्ध माणसास कोणी विचारूं शकत नाहीं.

आखातांतून सुटीवर येणारे आपले बंधु हौसेनें गोळ्यांच्या बाटल्या आणून घरोघर वांटतात. त्यांच्या प्रेमाविषयीं शंका नाहीं. माझ्याहि प्रेमाविषयीं नव्हती. कृपा करून साबण आणावे, चॉकलेट आणावें.

औषधानें कांहीं विपरीत झालें असें वाटलें तर डॉक्टरांस तर सांगावेंच. शिवाय केंद्र सरकारनें २०१० सालीं सुरू केलेल्या औषधसुरक्षेच्या कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य दूरध्वनि आहे, त्यावर साधा माणूसहि कळवूं शकतो. तो क्रमांक बाहेरच्या फळ्यावर लिहिला आहे.

ते गृहस्थ आज तिसऱ्या बाकावर बसले आहेत. ते आतां खुर्चीवर बसून मिस्सा ऐकतात. मीं त्यांस सांगितलें आहे कीं, पवित्र संस्काराच्या वेळीं मस्तक लवविलें तरी पुरे. त्यांच्या गुडघ्यांवर आतां व्यायाम आणि शेक चालूं आहे, आणि लागलीच तर पॅरासिटॅमॉल.

मागच्या रविवारीं सांगितल्याप्रमाणें आपण सर्वांनीं घरांतील सगळीं औषधें, काढे आणि पुड्यासुद्धां, पिशवींत घालून आणलीं आहेत. दाराजवळच्या टेबलाशीं डॉक्टर भगिनी व आपल्या गांवचे औषधविक्रेते बंधु बसले आहेत. काय घेतों, किती घेतों आणि कोणी दिलें, हें त्यांस खरें खरें सांगावें. कोणी दिलें तें लपवूं नये, फादरांनीं दिलें असलें तरी. मुदत संपलेल्या आणि उरलेल्या गोळ्या त्याच टेबलावरील बिस्किटांच्या डब्यांत टाकाव्या; तो डबा नष्ट करावयाच्या मालासह औषधविक्रेते बंधु घेऊन जाणार आहेत. रांग डाव्या बाजूनें लावावी, आणि वृद्धांस आधीं जाऊं द्यावें.